खांदेरी, रायगड, रायगड, रायगड

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी मी एक टिपण लिहिले होते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा मराठा किल्ल्यांची नावे त्यात जिल्ह्यांसह द्यायची होती. मी लिहिले : ‘साल्हेर, नाशिक, शिवनेरी, पुणे, लोहगड, पुणे, खांदेरी, रायगड, रायगड, रायगड, राजगड, पुणे…’ आणि पुढे तसेच. छापून आलेल्या टिपणात ‘रायगड’ हा शब्द एकदाच होता. अक्षरजुळणी करणाऱ्या गृहस्थांचे म्हणणे असे, की तोच शब्द ओळीने तीनदा आल्यामुळे त्यांनी तो नजरचुकीने पडलेला समजून काढून टाकला. अर्धविराम वापरला असता तर हे टळले असते का? शाळेत तर तो दोन वाक्ये जोडण्यासाठी असतो, एवढेच शिकवले होते. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : टळले असते. अक्षरजुळणी करणाऱ्या गृहस्थांना दोष देणेही मला योग्य वाटत नाही, कारण आपल्या ओळीत त्यांना सावध करणारी कोणतीच खूण नव्हती. आपण एकाच स्वल्पविरामाला दोन कामे दिली होती : किल्ला आणि त्याचा जिल्हा यांना जवळ ठेवणे, आणि एक किल्ला दुसऱ्या किल्ल्यापासून वेगळा करणे. ही दोन कामे परस्परविरुद्ध आहेत. पहिल्या ठिकाणी चिन्ह सांगते की पुढचा शब्द मागच्याचाच भाग आहे. दुसऱ्या ठिकाणी तेच चिन्ह सांगते की मागचे संपले, आता नवे सुरू होते. कोणता स्वल्पविराम कोणते काम करतो, हे वाचकाने किल्ल्यांच्या आधीच्या माहितीवरून ओळखायचे. ज्याला साल्हेर कोठे आहे हे ठाऊक आहे, तो ओळखील. पण ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठीच तर आपण जिल्हे लिहिले होते.

आता तीच ओळ अशी लिहून पाहा : ‘साल्हेर, नाशिक; शिवनेरी, पुणे; लोहगड, पुणे; खांदेरी, रायगड; रायगड, रायगड; राजगड, पुणे’. येथे ‘रायगड, रायगड’ ही जोडी विचित्र दिसत असली तरी संशयास्पद वाटत नाही, कारण तिच्या दोन्ही बाजूंना अर्धविराम आहेत आणि आधीच्या चार जोड्यांनी वाचकाला त्या ओळीची घडण शिकवलेली आहे. स्वल्पविराम घराच्या आतली भिंत झाला आणि अर्धविराम दोन घरांमधले कुंपण झाले. (हा गोंधळ तसा १९८१ नंतरचा आहे. त्या वर्षी कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव मिळाले आणि रत्नागिरीतून निघालेल्या नव्या जिल्ह्याला सिंधुदुर्ग. त्यापूर्वी हीच यादी ‘खांदेरी, कुलाबा, रायगड, कुलाबा’ अशी झाली असती आणि कोणालाही काही खोडावेसे वाटले नसते. जिल्ह्याला किल्ल्याचे नाव देणे ही अभिमानाची गोष्ट आहे, पण तिने विरामचिन्हांची जबाबदारी वाढवली.)

तरीही आपल्या टिपणासाठी मी ही मांडणी सुचवणार नाही. पुण्याचे नाव तीनदा यावे याला काही कारण नाही. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि ‘जिल्ह्यातील’ यांसारखे शब्द हाताशी असताना जोड्या करण्याऐवजी गट करावेत, हे मला अधिक मराठमोळे वाटते. पूर्ण वाक्य असे होईल :

‘या यादीत नाशिक जिल्ह्यातील साल्हेर; पुणे जिल्ह्यातील शिवनेरी, लोहगड आणि राजगड; रायगड जिल्ह्यातील खांदेरी आणि रायगड; सातारा जिल्ह्यातील प्रतापगड; रत्नागिरी जिल्ह्यातील सुवर्णदुर्ग; कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळा; सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग; आणि तमिळनाडूतील जिंजी अशा बारा किल्ल्यांचा समावेश आहे.’

या वाक्यात तीन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. सातारा, रत्नागिरी आणि कोल्हापूर यांच्या गटांत एकेकच किल्ला असल्यामुळे त्यांच्यानंतर स्वल्पविरामाने भागेल असे वाटते. पण एकदा गटांमध्ये अर्धविराम आला की तो शेवटच्या गटापर्यंत प्रत्येक ठिकाणी यायला हवा, मध्येच सोडला तर वाचक पुन्हा अडखळतो. दुसरी गोष्ट, ‘आणि तमिळनाडूतील जिंजी’ याच्या आधीचा अर्धविराम. साध्या यादीत आपण ‘आणि’च्या आधी स्वल्पविराम देत नाही, म्हणून येथेही तो गाळण्याचा मोह होतो. गाळला तर ‘विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतील जिंजी’ अशी साखळी तयार होते आणि जिंजी सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या गटात ओढली जाते. तिसरी गोष्ट ‘अशा बारा किल्ल्यांचा’ या शब्दांची. लांबलचक यादी संपल्यावर मराठी वाक्याला तिचा गोळा करणारा एक शब्द लागतो, आणि तेथे संख्याही दिली तर वाचकाला नावे मोजून पाहता येतात. आपल्या टिपणात ‘बारा’ हा शब्द यादीला लागून असता, तर उरलेली अकराच नावे कोणाच्या तरी नक्कीच लक्षात आली असती.

शाळेतल्या व्याख्येविषयी थोडेसे. दोन छोटी वाक्ये जोडताना अर्धविराम येतो, हे खरेच आहे. मात्र ते त्या चिन्हाचे एक काम झाले. त्याचा मूळ स्वभाव स्वल्पविरामापेक्षा मोठी आणि पूर्णविरामापेक्षा लहान फट दाखवण्याचा आहे, आणि जेथे दोन आकारांच्या फटी दाखवायच्या असतात तेथे तो उपयोगी पडतो.

प्रश्न : ग्रामसभेच्या इतिवृत्तात मी लिहिले : ‘सभेस सरपंच, पाणीपुरवठा समितीचे अध्यक्ष, मुख्याध्यापक, वाचनालयाचे सचिव आणि पोलीस पाटील उपस्थित होते.’ प्रत्यक्षात तिघेच जण होते, कारण सरपंचच समितीचे अध्यक्ष आहेत आणि मुख्याध्यापकच सचिव. येथेही अर्धविराम द्यावा का? (एक वाचक, जिल्हा सांगली)

उत्तर : देता येईल, पण येथे मी चिन्हाकडे न जाता शब्दाकडे जाईन. आपल्या कार्यालयीन मराठीत ‘तथा’ हा शब्द याच कामासाठी रुळलेला आहे. ‘सभेस सरपंच तथा पाणीपुरवठा समितीचे अध्यक्ष, मुख्याध्यापक तथा वाचनालयाचे सचिव आणि पोलीस पाटील उपस्थित होते’ असे लिहिले की माणसे तीनच राहतात आणि स्वल्पविरामाला एकच काम उरते. अशा मजकुराचा उपयोग पुढे हजेरी आणि गणपूर्ती ठरवण्यासाठी होतो, त्यामुळे माणसांची संख्या वाचणाऱ्याच्या तर्कावर सोडू नये. प्रत्येकाचे नाव, पद आणि गाव अशी तीन अंगे द्यायची असतील, तर मात्र ‘तथा’ असूनही दोन माणसांमध्ये अर्धविरामच हवा. आणि अशी माणसे आठ-दहा असतील तर वाक्याचा हट्ट सोडून एकाखाली एक नावे लिहावीत.

प्रश्न : रकमांच्या यादीत स्वल्पविराम कसे द्यावेत? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ‘१,५००, २,२५०, १२,०००’ असे लिहिल्यास आकड्यांतला आणि आकड्यांमधला स्वल्पविराम दिसायला सारखाच असतो, आणि छपाईत मधली जागा थोडी आवळली गेली की वाचणे कठीण होते. ‘१,५००; २,२५०; १२,०००’ असे लिहावे.

प्रश्न : अर्धविराम हे चिन्ह इंग्रजीकडून आलेले आहे. आपल्या जुन्या लेखनात ते नव्हते, तरी काही अडले नाही. मग मराठीने ते का बाळगावे? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : आले ते तिकडूनच. मोडी कागदपत्रांत आजच्यासारखी विरामचिन्हे तर नव्हतीच, शब्दही बहुधा एकमेकांना लागून लिहिले जात. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये विरामचिन्हांवर एक मराठी पुस्तिका लिहिली, आणि छापील मराठीत ही चिन्हे त्याच काळात रुजू लागली. मात्र मोडी पत्र वाचणारा कारकून त्या पत्रांतल्या विषयात मुरलेला असे, आणि पत्र पुष्कळदा मोठ्याने वाचून दाखवले जाई. थांबायचे कोठे, ते त्याचा आवाज ठरवत असे. छापील मजकूर अनोळखी माणसाच्या हाती जातो आणि तो मनातल्या मनात वाचतो.

शिवाय मराठीपुरते एक खास कारण मला दिसते. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते. यादी कितीही लांब असली तरी ती क्रियापदाच्या आधी उभी राहते, आणि यादीतल्या नावांचे काय झाले हे कळेपर्यंत वाचकाला ती सगळी मनात धरून ठेवावी लागते. वरच्या वाक्यात ‘समावेश आहे’ हे शब्द येण्याआधी बारा किल्ले, सात जिल्हे आणि एक परराज्य येऊन गेले. इंग्रजीत क्रियापद आधी सांगून यादी मागून देता येते. मराठीत तसे करायचे तर ‘पुढील किल्ल्यांचा समावेश आहे’ असे वाक्य आधी संपवून अपूर्णविरामानंतर यादी द्यावी लागते. (तो अपूर्णविराम शब्दाला चिकटवू नये, देवनागरीत तो विसर्गासारखा दिसतो.) तसे करायचे नसेल, तर क्रियापदापर्यंतच्या वाटेवर यादीचे गट सुटे आणि नीट दिसायला हवेत. विरामचिन्हांपैकी ते काम करणारा आपल्याकडे अर्धविरामच आहे, म्हणून तो कोणत्या भाषेतून आला हा प्रश्न मला दुय्यम वाटतो.