गुलाबाचा डोळा भरायला हाताला गुण लागतो का?

तुम्ही विचारलंय, चार वेळा डोळा भरला, म्हणजे हव्या त्या गुलाबाच्या पानाच्या बगलेतला कोंब सालीसकट काढून दुसऱ्या झाडाच्या सालीखाली बसवला, चारही वेळा काळा पडला, घरचे म्हणतात हातालाच गुण नाही. तर गुण खरंच लागतो का, आणि मुळं फुटायची पावडर लावली तर जमेल का.

गुणबिण काही नसतं. एवढं ठासून सांगते, कारण हे वाक्य मी कित्येक वर्षं सख्ख्या भावाच्या तोंडून ऐकलंय.

आईचा एक गुलाब होता. गडद राणी रंगाचा, गच्च पाकळ्यांचा. जात कुठली ते तिलाही ठाऊक नव्हतं. ती गेली आणि पुढच्याच वर्षी झाड शेंड्याकडून वाळत खाली यायला लागलं. दादा आणि मी, दोघांनी त्याचे डोळे काढून खुंटांवर, म्हणजे मुळं धरलेल्या दुसऱ्या गुलाबांवर, भरले. सहा मी, सहा त्याने. माझे सहाच्या सहा गेले. दादाचे तीन खुंट महिन्याभरात तरारून फुटले, हातभर लांब लुसलुशीत फांद्या. आल्यागेल्याला तो त्या दाखवायचा आणि माझ्याकडे मान वळवून म्हणायचा, "हिचा हातच लागत नाही."

पुढच्या बहराला फुलं आली. पांढरी. पाच पाकळ्यांची, बोटाच्या पेराएवढी, झुपक्याझुपक्याने.

मी खाली बसून माती बाजूला सारली. तिन्ही फांद्या जोडाच्या खालून आलेल्या. जिथे डोळा भरला होता तिथे पट्टीच्या आत काळी खपली. म्हणजे दादाचेही सगळे डोळे मेले होते. फुटला होता तो खुंट, मल्टिफ्लोराचा, म्हणजे खुंटासाठी वापरतात त्या रानगुलाबाचा. दादा काय म्हणाला असेल? "माती बदलली की फूल बदलतं." अहो, खुंट मुळं देतो, जोम देतो. फूल डोळ्याचं असतं. खुंटाचे फुटवे दिसले की बुडापासून ओढून तोडायचे. कात्रीने कापलेत तर तिथूनच पुन्हा फुटतात. दादाने त्यांना खत घातलं होतं.

मग माझे सहा का गेले, हे शोधायला मी माझाच एक खुंट सोलला. साल सुटतच नव्हती, टोकाने खरवडून काढावी लागली. तिथे माझी चूक कळली. मी कोरड्या खुंटावर, रिकामी दुपार बघून डोळे भरले होते. सालीखालचा ओलसर हिरवट थर खुंटाच्या तशाच थराला चिकटला तरच दोघांचा जीव एक होतो. खुंटात रस चढता नसेल तर साल फाटते आणि तो थरही फाटतो.

आईच्या झाडाला तेव्हा एकच हिरवी फांदी उरली होती. नुकतंच फूल येऊन गेलेली, काटा आडवा दाबला की कट्कन निघेल इतपत जून. डोळे काढायला अशीच फांदी, म्हणजे डोळकाडी, घ्यावी. पानं कापली, देठ 1 सें.मी. ठेवले, काडी ओल्या फडक्यात गुंडाळली. खुंटांना तीन-चार दिवस आधीपासून भरपूर पाणी दिलं होतं. पेन्सिलीएवढ्या जाड खुंटावर, जमिनीलगत, 2.5 सें.मी. उभी चीर आणि तिच्या डोक्यावर आडवी. या खेपेला साल केळीच्या सालीसारखी सुटली.

आता जिथे बहुतेकांचं चुकतं ते. डोळ्याची ढाल, म्हणजे डोळ्यासकट सालीचा ढालीसारखा तुकडा, काढली की तिच्या पाठीला लाकडाची चपटी राहते. मी ती काढते. पण काढून झालं की ढाल उलटी करून बघा. डोळ्याच्या बरोबर मागे खड्डा दिसला तर डोळ्याचा गाभा लाकडाबरोबर निघून गेला. ती ढाल फेकून द्या, ती हिरवी राहील पण फुटायची नाही. मला तर वाटतं माझ्या पहिल्या सहांतल्या निम्म्या तशाच पोकळ होत्या. देठ खाली, डोळा वर, ढाल चिरेत सरकवायची आणि डोळा तेवढा उघडा ठेवून पॉलिथिनची पट्टी घट्ट आवळायची. हे सगळं मिनिटभरात. ढाल हातात धरून फोटो काढत बसू नका.

चार भरले. अठराव्या दिवशी देठाला बोट लावलं तर दोन देठ नुसत्या स्पर्शाने गळून पडले. लागलेल्या डोळ्याची हीच खूण. उरलेले दोन सुकून चिकटून बसले होते, ते गेले. मग लागलेल्या दोन्ही डोळ्यांच्या वर खुंट तिरका छाटला. कोवळा फुटवा वाऱ्याने जोडातून मोडतो, काडीचा आधार द्या.

पावडरचं राहिलं. ती छाटाला, म्हणजे मातीत खोचलेल्या फांदीच्या तुकड्याला, मुळं फुटावीत म्हणून असते, डोळ्याला तिचा काही उपयोग नाही. दिवस कुठले, तर झाड जोमाने वाढत असेल ते; रणरणतं ऊन आणि कडाक्याची थंडी सोडून. पात्याला स्पिरिट लावा, अर्धं दाढीचं ब्लेडही चालतं. पानांवर पिवळ्या नागमोडी रेघा असतील त्या झाडाचा डोळा घेऊ नका, रोग कलमाबरोबर येतो. लाकडाची चपटी तशीच ठेवून यश मिळवणारेही आहेत, त्यामुळे त्यावरून माझ्याशी वाद घालू नका. आणि तुमचा गुलाब मिनिएचर किंवा वेलगुलाब असेल तर हा सगळा खटाटोप कशाला? साधा छाट लावा, बहुधा जगतो.

आईचा गुलाब माझ्याकडे दोन झाडांवर फुलतो. दादाला दोनदा डोळकाडी देऊ केली. त्याच्याकडे पांढरे झुपके आहेत, आणि आलेल्याला तो अजूनही सांगतो, हा आमच्या आईचा गुलाब.