वाचक विचारतात : पूलच्या स्पर्धेला खेळाडू का टिकत नाहीत?

प्रश्न : आमच्या क्लबात चार टेबलं आहेत. महिन्यातून एकदा पूलची (काठीने टेबलावरचे बॉल खिशात पाडायचा खेळ) हौशी स्पर्धा घेतो. पूर्वी ३२ चा ड्रॉ भरायचा, आता जेमतेम १६ नावं येतात, तीही तीच ती. बक्षीस वाढवलं, तरी फरक नाही. काय चुकतंय?

उत्तर : बक्षीस वाढलं की तगडे खेळाडू येतात आणि त्यांना पाहून नवखे पाय मागे घेतात. सोळातल्या दहाबारा जणांना पहिल्या नंबराची आशा नसतेच. त्यांना टेबल मिळायला हवं आणि सामना बरोबरीचा व्हायला हवा. सरळ नॉकआउटमध्ये आठ जण एका सामन्यातच घरी जातात. आधी ते बदला.

दोनदा हरल्यावरच बाद, अशी पूर्ण डबल एलिमिनेशन घेतली तर १६ जणांचे किमान ३० सामने होतात. चार टेबलांवर त्यांना किमान १० पाळ्या लागतात. सामना ४० मिनिटांचा धरला तर पावणेसात तास जातात, आणि शेवटच्या तीन पाळ्या एकाच टेबलावर. बाकी मंडळी कधीच उठून गेलेली असतात. त्यापेक्षा आठ जण उरेपर्यंत डबल आणि पुढे नॉकआउट करा. सामने २७, पाळ्या ८, वेळ पाच तास वीस मिनिटं. प्रत्येकाला दोन सामने नक्की मिळतात. उपांत्यपूर्व फेरीत मात्र एकही सामना न हरलेल्याची गाठ एकदा हरलेल्याशी घाला.

दुसरी गोष्ट हँडिकॅपची, म्हणजे कच्च्या खेळाडूला दिलेल्या सवलतीची. एक खेळाडू दर तीन फ्रेममागे (फ्रेम म्हणजे एक डाव) दोन जिंकण्याइतका सरस असेल, तर पाचच्या रेसमध्ये (आधी पाच फ्रेम जिंकेल तो विजयी) तो शंभरातले सुमारे ८५ सामने नेतो. फार्गोरेट या पूल खेळाडूंच्या मानांकन पद्धतीत १०० गुणांचा फरक म्हणजे हेच दोनास एक प्रमाण. त्याला ६ आणि समोरच्याला ३ फ्रेम ठेवल्या की त्याचे ४७ च्या आसपास येतात. म्हणजे सामना खरोखर कुणाचाही.

बक्षीस एन्ट्रीच्या हिशेबात वाटा : पहिल्याला ५ एन्ट्री, दुसऱ्याला ३, उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांना २-२, उपांत्यपूर्व फेरीतल्या चौघांना आपापली फी परत. बेरीज १६. निम्म्या लोकांचे पैसे वसूल होतात, आणि पुढच्या महिन्यात तेच लोक मित्राला घेऊन येतात.

प्रश्न : हँडिकॅप ठेवला की काही जण मुद्दाम वाईट खेळून खालचा गट मिळवतात. त्यांचं काय करायचं?

उत्तर : हा रोग जुनाच आहे. सामना कोण जिंकला एवढंच लिहून ठेवलं तर तो पकडता येत नाही. प्रत्येक फ्रेमचा निकाल लिहा. नव्या खेळाडूचा हँडिकॅप त्याच्या सांगण्यावर न ठरवता आयोजकाने दहाएक फ्रेम पाहून ठरवावा, आणि शंका असेल तर वरचा द्यावा. वर चढवणं लगेच, खाली उतरवणं मात्र बऱ्याच स्पर्धांनंतर. नेमकी उलटी सवय असते तिथे प्रामाणिक खेळाडू आधी गळतात.

प्रश्न : नवख्यांसाठी ८-बॉल बरा की ९-बॉल?

उत्तर : ८-बॉल, म्हणजे आपल्या गटाचे बॉल संपवून शेवटी आठ नंबरचा पाडायचा प्रकार. तो त्यांना येत असतो. पण ज्याचे त्याचे घरचे नियम असतात आणि भांडणं तिथूनच निघतात, म्हणून तीन गोष्टी भिंतीवर लावा. ब्रेकवर (पहिल्या फटक्यावर) बॉल खिशात गेला तरी टेबल खुलंच राहतं, कोणाचे भरीव आणि कोणाचे पट्ट्यांचे बॉल हा गट ठरत नाही. ब्रेकवर आठ नंबरचा बॉल गेला तर जागतिक नियमांत तो विजय नाही. ब्रेक करणाऱ्याने आठ परत स्पॉटवर (टेबलावरच्या ठरलेल्या खुणेवर) ठेवून पुढे खेळावं किंवा पुन्हा ब्रेक करावा. ब्रेकनंतर फाउल झाला की समोरच्याला बॉल इन हँड, म्हणजे पांढरा बॉल टेबलावर कुठेही ठेवून खेळायची मुभा. आणि नियम स्पर्धेच्या मध्येच बदलू नका, कितीही बरोबर वाटलं तरी.