कामाला धनी हवा

प्रिय पोरा,

तुझा फोन ठेवला आणि चिडूनच बसलो. अमेरिका मरीन, म्हणजे समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणारं दल, वेगळे का ठेवते, असं मी एसएसबीच्या (सैन्यात अधिकारी निवडण्याच्या मुलाखतीच्या) तयारीत विचारलं आणि तू म्हणालास, ‘परंपरा.’ दल १७७५ चं आहे खरं. पण नुसत्या परंपरेसाठी कोणी हजारो सैनिकांच्या डिव्हिजन पोसत नाही रे.

समुद्रातून शत्रूच्या किनाऱ्यावर उतरणं नौदलाला लष्कराचं वाटतं, लष्कराला नौदलाचं. दोन घरचा पाहुणा उपाशी. कामाला धनी हवा. डिसेंबर १९७१ मध्ये, बांगलादेश युद्धात, तिथल्या कॉक्स बाजारला आपली जहाजं वाळूवर अडली, पुढे पाणी खोल. गुरखा जवान उतरले, काही बुडाले. शौर्य कमी नव्हतं. ते काम त्यांच्या रोजच्या सरावातलं नव्हतं.

१९४४ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीला लष्करच उतरलं, असं तू म्हणशील. उतरलं, पण तयारीला किती काळ मिळाला होता ते बघ. आणि मरीनही चुकतात. नोव्हेंबर १९४३, पॅसिफिकमधलं तारावा, समोर जपानी: भरती पुरेशी चढली नाही, होड्या प्रवाळावर अडकल्या, पाण्यातून चालत निघालेल्यांवर मशीनगन. तीन दिवसांत हजारेक मेले. पण ती चूक कोणाच्या खात्यावर मांडायची हे ठरलेलं होतं. पुढच्या बेटांवर प्रवाळ ओलांडणाऱ्या पट्ट्यांच्या गाड्या जास्त आल्या. धनी असला की चूक वाया जात नाही.

ऑक्टोबर १९४९ मध्ये अमेरिकेचे सर्वोच्च लष्करी अधिकारी जनरल ओमर ब्रॅडली अमेरिकी संसदेच्या समितीपुढे म्हणाले, समुद्रातून उतरण्याच्या अशा मोठ्या मोहिमा आता होणार नाहीत. वर्षभराच्या आत कोरियात इंचॉन! भरती-ओहोटीत नऊ मीटरचा फरक, समोर बंदराची भिंत, आणि आधी उतरले ते मरीन. १९५२ मध्ये कायदाच झाला: मरीनच्या किमान तीन डिव्हिजन. आपल्याकडे मार्कोस आहेत, पण ते नौदलाचे मूठभर कमांडो. एवढा किनारा, अंदमान-निकोबार, आणि या कामाला मरीनसारखा वेगळा धनी नाही. मला हे खुपतं.

पलटणीत मला ऑफिसातली खुर्ची देत होते. मी मॉर्टर, आमची उखळी तोफ, सोडली नाही. हट्टी म्हणाले, बढती लांबली, तुझ्या काकूनेही ऐकवलं. ऐकवू दे. रात्री नळी कोण तपासणार होतं?

आणि तू? तलाठी, पोलीस भरती, सैन्यातल्या अधिकाऱ्यांची सीडीएस परीक्षा. जळगावला एक क्लास, धुळ्याला दुसरा. तिन्हीपैकी एकाचाही धनी नाहीस. दोन सोड. कोणते, ते तुझं तू ठरव, मला विचारू नकोस.

रविवारी अमळनेरला ये, काकू भरीत करणार आहे. इंचॉनचा नकाशा आण. भरतीच्या वेळा तू मला समजावून सांगायच्या.

तुझा,
काका