डार्करूमचे प्रश्न : कोपरे फिके का येतात?

प्रश्न : जुना एन्लार्जर (निगेटिव्हवरून मोठा प्रिंट काढायचं यंत्र) घेतलाय. ३५ मिमी निगेटिव्हचे ८×१० इंची प्रिंट काढतो, तर मधला भाग गडद आणि कोपरे फिके. लेन्स बदलू का?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : थांबा, लगेच खिशात हात घालू नका! निगेटिव्ह काढून रिकामा कॅरियर (निगेटिव्ह धरणारी चौकट) लावा, लेन्सचं छिद्र एफ ८ वर आणा आणि कागदावर फिकट करडा रंग येईल एवढंच एक्स्पोजर (प्रकाश) द्या. गडद काळ्यात दोष लपतो, करड्यात उघडा पडतो. एकच बाजू फिकी आली तर बल्ब मध्यावर नाही. चारही कोपरे सारखेच फिके आले, तर बल्बची दांडी थोडी वर-खाली सरकवून पुन्हा करडा कागद काढा. बल्ब दुधी, एन्लार्जरचाच हवा. तपकीर गल्लीतून आणलेल्या घरगुती बल्बच्या डोक्यावर अक्षरं छापलेली असतात, त्यांची सावली प्रिंटवर उतरू शकते. तुमच्या लेन्सचा मिमीतला आकडा (फोकल लेंग्थ) लिहिला नाहीत. ३५ मिमी निगेटिव्हला ५० मिमीची लेन्स चालते. मात्र ती पूर्ण उघडी ठेवून प्रिंट काढत असाल, तर कोपरे मार खाणारच. छिद्र दोन-तीन स्टॉप (पायऱ्या) बंद करा. उरलेला किरकोळ फरक पुठ्ठ्याने मधला भाग झाकून, कोपऱ्यांना थोडं जादा एक्स्पोजर देऊन मिटतो.