बाप्तिस्म्यानंतरचा उत्साह ओसरला, आता विश्वासात टिकायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की बाप्तिस्मा घेऊन चार वर्षं झाली. पहिल्या वर्षी पहाटे चारला उठून प्रार्थना व्हायची, आता बायबल उघडलं की डोळा लागतो, आणि आपला विश्वास मुळातच खोटा होता की काय अशी धास्ती वाटते. मी जालन्याकडचा. शेती करतो, पाळक नाही. अंगावरून गेलंय तेवढं सांगतो.

2013 चा उन्हाळा. दुष्काळात आमची मोसंबीची बाग गेली. टँकर विकत घेऊन घातले, गुडघे टेकून प्रार्थना केली. एप्रिलात पानं गळाली, मे महिन्यात खोड नखानं खरवडलं तर आत हिरवं काही दिसेना. झाडं तोडून सरपणाच्या भावात दिली. त्यानंतर मी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जाणं सोडलं. देव नाही असं काही वाटलं नव्हतं, रुसलो होतो. बायको-लेकरं जायची, मी घरी.

सात-आठ महिन्यांनी एका शनिवारी संध्याकाळी मंडळीतल्या एक आजी दारात उभ्या. म्हटलं, आता वचनं ऐकवणार. तर म्हणाल्या, "बाबू, उद्या सतरंज्या टाकायला माणूस नाही अन् माझ्यानं वाकणं होत नाही. तू टाक अन् जा घरी. बसू नको पाहिजे तर."

गेलो, टाकल्या, आलो. असे चार-पाच रविवार. मग गुंडाळायलाही माणूस लागतो म्हणून एकदा मागं भिंतीला टेकून बसून राहिलो. काही चमत्कार झाला नाही. उपदेश कशावर होता तेही आठवत नाही.

याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात शेतकऱ्याचा दाखला आहे. पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहत तो धीर धरतो. तिकडं पॅलेस्टाईनात पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पेरणीचा. शेवटचा मार्च-एप्रिलात, दाणे भरायचा. आपल्या शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, नशिबी तो शेवटचा पाऊस नसतोच. परतीच्या पावसावर पेरायचं आणि पुढचे चार महिने काळ्या रानातल्या ओलीवर काढायचे. म्हणून कोळपं. रान भेगाळायला लागलं की कोळपं फिरवून भेगा बुजवायच्या, म्हणजे ओल उडून जात नाही. एक कोळपणी, अर्धं पाणी, असं जुनी माणसं म्हणतात ते यासाठीच. कोळप्यानं पाऊस पडत नाही, आहे ती ओल राहते. कंटाळवाणं काम आहे, उन्हात तर फारच.

तुमची पहाटे चारची प्रार्थना हा परतीचा पाऊस होता. तो आणखी पडावा म्हणून तुम्ही स्वतःला कोसत बसलात, आणि भेगा तशाच राहिल्या. पीक मलूल दिसलं म्हणून बी खोटं होतं असं कुणी शेतकरी म्हणतो का? आधी ओल बघतो.

एकदा झालेलं तारण, म्हणजे पापातून सुटका, पुन्हा जाऊ शकतं का, हेही तुम्ही विचारलंय. वाद जुना आहे. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन, त्याच्या परंपरेत म्हणतात, देवानं धरलेला माणूस शेवटपर्यंत टिकतो. मेथडिस्ट पंथ ज्याच्यापासून निघाला त्या वेस्लीच्या परंपरेत म्हणतात, माणूस हात सोडवून घेऊ शकतो. आमच्याकडं स्कॉटिश मिशन, त्यामुळं पहिलंच जास्त ऐकलं. खरं सांगू, बाग जळाली तेव्हा मला दोन्ही कामाला आलं नाही. सतरंजी आली.

आमच्या भागात स्कॉटिश मिशनमधले पाळक नारायण शेषाद्री यांचं नाव आदरानं घेतात. त्यांचा बाप्तिस्मा 1843 चा, आणि जालन्याला येऊन त्यांनी बेथेल गाव वसवलं ते त्यानंतर साधारण वीस वर्षांनी. आम्ही सांगतो ती गावाची गोष्ट. मधल्या वीस वर्षांबद्दल कुणी विचारतही नाही.

तर पहाटे चारचा हट्ट सोडा. स्तोत्र 13 रोज मोठ्यानं वाचा, जेमतेम सहा वचनं आहेत. "कोठवर?" हा एकच सवाल दावीद देवाला चार वेळा करतो, तेव्हा गोड बोलायची सक्ती तुमच्यावरही नाही. आणि मंडळीत एखादं असं काम मागून घ्या, की तुम्ही गेला नाहीत तर कुणाचं तरी अडेल. पेटी वाजवणं वगैरे नको, तिथं लोक कौतुक करतात. पाणी भरणं, चपला नीट लावणं, असलं काहीतरी.

आजी जाऊन पाच वर्षं झाली. मंडळीत आता प्लास्टिकच्या खुर्च्या आल्यात, त्या मांडायला साडेआठला मीच असतो. बाग काही पुन्हा लावली नाही. त्या रानात शाळू असतो.