कॅसँड्रा या नावाचा अर्थ काय? मुलीसाठी हे नाव ठेवावे का?

नाव अवश्य ठेवावे. या नावाचा अर्थ ‘सदा अशुभ बोलणारी बाई’ असा होतो, असे तुमच्या मेव्हण्यांनी सांगितल्याचे तुम्ही लिहिले आहे. तो अर्थ साफ चुकीचा आहे, आणि भर बैठकीत तो मलाही चिकटवला गेला असल्यामुळे हे उत्तर लिहीत आहे.

कॅसँड्रा ही ग्रीक पुराणकथांतल्या ट्रॉय नगरीचा राजा प्रायम आणि राणी हेक्युबा यांची भविष्य जाणणारी मुलगी. होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्यात ती रूपवती राजकन्या आहे आणि तिचा भाऊ हेक्टर याचे शव घेऊन परतणारा प्रायम सर्वांआधी तिला दिसतो, पण तिच्या भविष्यकथनाचा तेथे उल्लेखही नाही. इ. स. पूर्व ४५८ मध्ये रंगभूमीवर आलेल्या एस्किलसच्या ‘अगमेम्नॉन’ नाटकात मात्र ती स्वतः सांगते की, अपोलो देवाला दिलेला शब्द तिने मोडला आणि तेव्हापासून तिच्या बोलण्यावर कोणीही विश्वास ठेवीनासे झाले. आपल्या लोककथेतल्या सहदेवाला सारे ठाऊक असूनही विचारल्याशिवाय सांगता येत नाही. हिला सांगता येते, पण ते कोणाला पटत नाही.

पुण्यातल्या ज्या कंपनीत मी काम करीत होते, तेथे ग्राहकांच्या नोंदी कॅसँड्रा याच नावाच्या डेटाबेसमध्ये होत्या. अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक यांनी तो फेसबुकमध्ये असताना लिहिला, २००८ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला आणि त्याचे नाव याच राजकन्येवरून आले आहे. त्यात नोंद खोडली तरी ती लगेच नाहीशी होत नाही. ती खोडल्याची ‘टूम्बस्टोन’ नावाची खूण लिहिली जाते आणि सर्व नोडना, म्हणजे नोंदींच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व सर्व्हरना, ती पोहोचावी म्हणून मूळ सेटिंगनुसार १० दिवस राखली जाते. एखादा नोड त्याहून अधिक काळ बंद राहून तसाच परत जोडला गेला, तर खूण इतरत्र पुसली गेलेली असल्यामुळे त्याच्याकडची जुनी नोंद खरी मानली जाते आणि पुन्हा सगळीकडे पसरते. आमचा एक नोड असाच दीर्घकाळ बंद होता, आणि तो पूर्ण पुसून नव्यानेच जोडावा, असे मी ईमेलने कळवले होते व बैठकीतही सांगितले होते. त्यावर व्यवस्थापक म्हणाले, “आपल्याकडे कॅसँड्रा दोन आहेत, एक सर्व्हरवर आणि एक या खुर्चीवर.” सगळे हसले, नोड तसाच जोडला गेला, आणि खाती बंद केलेल्या ग्राहकांना पुन्हा बिले जाऊ लागली. ते निस्तरण्याचे काम माझ्याकडे आले आणि वार्षिक मूल्यमापनात माझा दृष्टिकोन नकारात्मक असल्याचा शेराही आला.

ज्याचे भाकीत खोटे ठरते, तो नुसता निराशावादी असतो. कॅसँड्राचे प्रत्येक भाकीत खरे ठरते, त्यामुळे एखादीला टोमणा म्हणून हे नाव देणारा माणूस तिचे म्हणणे बरोबर असल्याची आणि आपण ते ऐकणार नसल्याची कबुली एकाच वेळी देत असतो.

दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. नावाची व्युत्पत्ती निश्चित नाही. ‘अँड्रा’ हा भाग पुरुषवाचक ग्रीक शब्दाशी जोडला जातो, पण पहिल्या भागाविषयी मतभेद आहेत, म्हणून नावांच्या यादीत छापलेले झोकदार अर्थ प्रमाण मानू नयेत. शिवाय तिचा शेवट दारुण आहे: ट्रॉय पडल्यावर ती विजयी ग्रीक राजा अगमेम्नॉनची दासी झाली आणि त्याची पत्नी क्लायटेम्नेस्ट्रा हिच्या हातून मारली गेली. यावर घरातून आक्षेप आलाच, तर वनवास आणि भूमिप्रवेश ठाऊक असूनही जानकी, वैदेही ही नावे आपण ठेवतोच, हे सांगावे. कादंबरीकार जेन ऑस्टिनच्या आईचे आणि बहिणीचेही नाव कॅसँड्राच होते. हाक मारण्यासाठी कॅसी हे रूप सोयीचे आहे.

पुढे मुलगी नोकरीला लागली आणि कोणी या नावावरून तिला टोमणा मारला, तर तिने तो बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. माझ्या वेळी इतिवृत्त त्याच व्यवस्थापकांनी लिहिले होते.