शंका-समाधान : पावसातला टॉवर, नदीतली फेरीबोट आणि सारे ओळखणारा फोन

मोबाइलचे जाळे परिस्थिती पाहून आपली चाल बदलते आणि हातातला फोनही आपण कुठे आहोत, काय करीत आहोत याचा अंदाज बांधत असतो, असे गेल्या अंकातील उत्तरात ओझरते लिहिले होते. त्यावर सत्तरीपासून काणकोणपर्यंतच्या वाचकांनी आपापल्या गावचे अनुभव लिहून पाठविले आहेत. त्यांतील पाच पत्रे या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : आमचे घर वाळपईच्या पलीकडे एका कुळागरात आहे. उन्हाळ्यात फोन बरा चालतो. मिरगाचा पाऊस लागला की रेंजच्या काड्या पूर्ण दिसत असूनही मुलीचा ऑनलाइन वर्ग अडकतो, चित्र थिजते. साधे मेसेज तेवढे जातात. पाऊस खरोखरच रेंज खातो का?
— एक शिक्षिका, सत्तरी

उत्तर : काड्या पूर्ण असतात आणि तरीही वर्ग अडकतो, हे आपण अचूक टिपले आहे, आणि उत्तरही तेथेच दडले आहे. फोनवरच्या काड्या केवळ फोन आणि टॉवर यांच्यामधल्या टप्प्याविषयी सांगतात. टॉवरपासून पुढे कंपनीच्या मुख्य जाळ्यापर्यंतची वाट कशी आहे, हे त्या काड्यांना ठाऊकच नसते.

पहिल्या टप्प्यावर पावसाचा परिणाम नगण्य असतो. आपल्याकडील फोर-जीच्या लहरी बहुतांशी ८५० ते २३०० मेगाहर्ट्झच्या दरम्यान असतात. १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १६.७ सेंटीमीटर भरते, आणि पावसाचा मोठ्यात मोठा थेंब पाच-सहा मिलिमीटरांच्या पुढे सहसा जात नाही. एवढ्या लहान अडथळ्याची त्या लहरीला फारशी दखल घ्यावी लागत नाही. कुळागराचे मात्र थोडे वेगळे आहे. माड, पोफळी आणि त्यांवर चढलेले मिरीचे वेल पावसात निथळत असतात, आणि ओली पाने लहरींची शक्ती शोषतात. त्यामुळे घरात एखादी काडी कमी होऊ शकते. पण आपल्या काड्या पूर्ण आहेत, म्हणजे दोष पुढे आहे.

वाळपईहून परतताना एखाद्या टॉवरकडे नीट पाहावे. उभ्या, लांबट पेट्या दिसतात त्या आपल्या फोनशी बोलतात. त्यांच्याच आसपास ढोलासारख्या गोल थाळ्या बसविलेल्या असतील, तर तो टॉवर पुढच्या टॉवरशी सूक्ष्मलहरींनी जोडलेला आहे असे समजावे. डोंगराळ भागात जमिनीखालून फायबर नेणे कठीण आणि खर्चाचे असल्याने ही सोय केली जाते. या थाळ्या १५, १८, २१ गिगाहर्ट्झ अशा वरच्या पट्ट्यांत चालतात. १८ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी अवघी १.७ सेंटीमीटर असते. तिच्यापुढे पावसाचा थेंब लहान राहत नाही. मुसळधार सर कोसळू लागली की थेंब त्या लहरी शोषतात, विखुरतात, आणि पलीकडच्या थाळीपर्यंत फारच क्षीण संकेत पोहोचतो.

अशा वेळी जोड तुटू नये म्हणून ती यंत्रणा आपली बोलण्याची पद्धत बदलते. आभाळ निरभ्र असताना ती प्रत्येक संकेतात ८ बिट, म्हणजे शून्य-एकाचे ८ अंक, भरून पाठविते. या पद्धतीला २५६ क्यूएएम म्हणतात. संकेत क्षीण होऊ लागला की ती ६, मग ४, आणि शेवटी २ बिटांवर उतरते. जत्रेच्या गर्दीत पलीकडच्या माणसाला हाक मारताना आपण लांबलचक वाक्य बोलत नाही, मोजके शब्द स्पष्ट उच्चारतो, तसेच हे आहे. संकेत ओळखण्यातली चूक टळते, पण वाहून नेण्याची क्षमता एक चतुर्थांशावर येते. या अरुंद झालेल्या वाटेवरून आवाजाच्या कॉलला आधी जागा दिली जाते, मेसेजला फारशी जागा लागत नाही, आणि मागे उरते ते चित्र. साठवलेला व्हिडिओ पाहताना फोन पुढचे काही सेकंद आधीच उतरवून ठेवतो, म्हणून तो तग धरतो. थेट चालणाऱ्या वर्गात पुढचे वाक्य शिक्षकांनी अजून उच्चारलेलेच नसते, तेथे साठा करणार कशाचा?

सर कोसळत असताना मुलीच्या फोनवरील चित्र बंद ठेवून केवळ आवाज चालू ठेवला, तर वर्ग बहुधा निभावेल. कंपनीकडे तक्रार नोंदविताना “रेंज नाही” असे म्हणू नये, कारण मग कोणीतरी काड्या मोजून तक्रार बंद करील. “काड्या पूर्ण असताना पावसात डेटा अडकतो” असे तारीख-वेळेसह लिहावे, डॉकेट क्रमांक मागून घ्यावा, आणि समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जावे. २०२० च्या टाळेबंदीत सत्तरी-सांग्यातील मुले रेंजसाठी डोंगर चढून अभ्यास करीत होती, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. चाल बदलणारे जाळे हाती असलेली वाट काटकसरीने वापरते, नवी वाट ते निर्माण करू शकत नाही. टॉवरपर्यंत फायबर नेणे किंवा दुसऱ्या दिशेने आणखी एक जोड देणे हे माणसांनीच करायचे काम आहे, आणि ते मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

प्रश्न : मी रोज चोडणहून रायबंदरला फेरीबोटीने कामाला जातो. दोन्ही काठांवर रेंज उत्तम असते. नदीच्या मध्यावर मात्र बोलणे तुटक होते आणि कधी कधी कॉलच कटतो. मध्ये तर ना डोंगर, ना इमारत. मग असे का व्हावे?
— एक नोकरदार, चोडण

उत्तर : अडथळा नाही, हीच येथे अडचण होऊन बसते. गावात घरे आणि झाडे दूरच्या टॉवरांचे संकेत अडवितात, त्यामुळे फोनसमोर एक-दोनच ठळक पर्याय राहतात. मांडवीच्या उघड्या पात्रावर मात्र त्याला दोन्ही काठांचे आणि दूरवरचेही टॉवर एकाच वेळी ऐकू येतात, शिवाय पाण्यावरून परावर्तित झालेले संकेत त्यांत मिसळतात. बरेच जण एकाच स्वरात बोलू लागले की कोणाचेच बोलणे नीट कळत नाही.

हे पाहण्यासाठी मागे एकदा मी याच फेरीबोटीतून फोनमधील संकेताची शक्ती दाखविणारा आकडा उघडून गेलो होतो. रायबंदरच्या धक्क्यावर तो उणे ७८ डीबीएम होता (डीबीएम हे संकेताच्या शक्तीचे माप; उण्यापुढचा आकडा जितका मोठा, तितका संकेत क्षीण). पात्राच्या मध्यावर उणे १०४ पर्यंत उतरला, आणि चोडणचा धक्का समोर दिसू लागला तरी फोन मागच्याच काठाला धरून होता. हा हट्ट मुद्दाम ठेवलेला असतो. नवा टॉवर जुन्यापेक्षा ठरावीक फरकाने, समजा ३ डेसिबलने म्हणजे सुमारे दुपटीने, सरस असला आणि ही स्थिती काही क्षण टिकली, तरच फोन तसे कळवितो, आणि मग जाळे त्याला नव्या टॉवरकडे सोपविते. ही अट नसती, तर दोन संकेत जवळजवळ सारखे असलेल्या जागी फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर आणि पुन्हा पहिल्यावर असा हेलपाटे घालीत राहिला असता. अट सैल असली तर हेलपाटे, कडक असली तर उशीर. नदीच्या मध्यावर या दोहोंपैकी एक आपल्या वाट्याला येते, आणि फेरीबोटीतले सगळे फोन एकदमच काठ बदलीत असल्याने ताण वाढतो.

कॉल कटण्यापूर्वी बोलणे तुटक का होते, तेही सांगतो. आवाज अंकांत बदलण्याची जी एएमआर नावाची पद्धत मोबाइलमध्ये रूढ आहे, तिच्या जुन्या रूपात सेकंदाला १२.२ किलोबिटांपासून ४.७५ किलोबिटांपर्यंत आठ पायऱ्या आहेत. संकेत खालावला की आवाजातला तपशील कमी करून वाचलेली जागा चुका दुरुस्त करण्यासाठी वापरली जाते. पलीकडच्या माणसाचा आवाज दबल्यासारखा येऊ लागला की जाळे कॉल वाचविण्यासाठी धडपडत आहे असे समजावे, आणि महत्त्वाचा निरोप तेवढ्यातच सांगून टाकावा.

प्रश्न : लोलये-पोळे भागात फोनवर अचानक रोमिंगचे चिन्ह येते, बॅटरी झपाट्याने उतरते आणि फोन गरम होतो. फोन बिघडला आहे का?
— एक बागायतदार, काणकोण

उत्तर : फोन धड आहे. दूरसंचाराच्या विभागणीत गोवा महाराष्ट्राच्या परिमंडळात मोडतो आणि पोळ्याच्या पलीकडे कर्नाटकाचे परिमंडळ सुरू होते; लहरींना तपासणी नाका ठाऊक नसतो, म्हणून सीमेवर पलीकडचा टॉवर सरस ठरला की रोमिंगचे चिन्ह येते. बॅटरीचे कारण वेगळे आहे. टॉवर जवळ असेल तर फोन अगदी हळू, कधी कधी एक मिलिवॉटहूनही कमी शक्तीने बोलतो. दूर असेल तर टॉवरच त्याला आवाज चढवायला सांगतो, आणि फोर-जीचा सामान्य फोन सुमारे २०० मिलिवॉटपर्यंत चढतो. त्यात सरस टॉवरची शोधाशोध चालूच असते. बागेत काम करताना रेंज मुळीच नसेल, तर फोन विमान-मोडवर ठेवावा आणि बांधावर आल्यावर पूर्ववत करावा.

प्रश्न : पाववाल्याकडून घरी आलो की फोन विचारतो, “ही बेकरी कशी वाटली?” स्कूटर चालवीत असलो तर सूचना आपोआप बंद होतात. मी त्याला काहीही सांगितलेले नाही. हे त्याला कळते कसे, आणि मला ते थांबविता येईल का?
— एक निवृत्त वाचक, मडगाव

उत्तर : आपल्या अस्वस्थतेला आधार आहे, म्हणून थोडे मागून सांगतो. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधनशाळेत मार्क वायझर यांनी १९८८ च्या सुमारास सर्वव्यापी संगणनाची कल्पना मांडली, आणि १९९१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील लेखात ती विस्ताराने लिहिली. संगणक नजरेआड होऊन भोवतालात मिसळून जावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच काळात इंग्लंडमधील केंब्रिज येथे ऑलिव्हेट्टीच्या प्रयोगशाळेत कर्मचाऱ्यांच्या छातीवर लावायचा एक बिल्ला तयार झाला. तो काही सेकंदांनी अवरक्त किरणांचा संकेत सोडी, त्यावरून कोण कोणत्या खोलीत आहे हे कळे, आणि आलेला फोन त्या खोलीकडे वळविता येई. १९९४ मध्ये बिल शिलिट आणि मार्विन थायमर यांनी अशा यंत्रणांना ‘संदर्भ ओळखणाऱ्या’ असे नाव दिले. आपल्या खिशातला फोन हा त्या बिल्ल्याचाच वंशज आहे. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की बिल्ला काढून टेबलावर ठेवला की विषय संपत असे.

फोनमध्ये गतीचे बदल मोजणारा संवेदक असतो. माणूस चालताना सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो आणि त्या तालाची ठळक नोंद होते; स्कूटरच्या इंजिनाची थरथर बारीक आणि अखंड असते; फोन टेबलावर पडलेला असेल तर केवळ गुरुत्वाकर्षणाचे त्वरण (९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग) उरते. एवढ्यावरून आपण चालत आहोत, वाहनावर आहोत की बसून आहोत, हे ओळखता येते. जागा कळण्यासाठी जीपीएस लागतेच असे नाही. आसपासच्या वाय-फाय यंत्रांच्या ओळखी आणि टॉवर यांवरूनही ती काढता येते. बेकरीच्या जागी आपण काही मिनिटे थांबलात, मग चालत निघालात, यावरून खरेदीचा तर्क बांधला जातो. शेजारच्या औषधाच्या दुकानात गेला असतात, तरी तोच तर्क बांधला गेला असता, आणि तेथे तो आपल्या आजाराविषयी काही सांगून गेला असता. माझा आक्षेप येथे आहे. वाहन चालविताना सूचना थांबविणे हे आपल्या हिताचे आहे, आणि त्यासाठी नोंद फोनच्या बाहेर जाण्याची गरज नाही. बेकरीचा प्रश्न विचारण्यासाठी मात्र आपला ठावठिकाणा दुसऱ्याच्या संगणकावर जातो.

थांबविता येते. सेटिंग्जमध्ये लोकेशनच्या परवानग्या उघडून प्रत्येक ॲपपुढे “वापरताना फक्त” हा पर्याय निवडावा. अँड्रॉइडमध्ये तो २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून आहे. २०२१ च्या बाराव्या आवृत्तीपासून नेमकी जागा न देता अंदाजे परिसर देण्याचीही सोय आहे, आणि हवामान पाहण्यासाठी तेवढे पुरते. ठिकाणांचा इतिहास साठविणारी नोंद वेगळी असते. ती बंद करून जुनी नोंदही पुसावी. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा भारतात २०२३ मध्ये संमत झाला असून दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क त्यात आहे. ज्या यंत्रणेने आपल्याविषयी तर्क बांधला, तिने तो आपल्याला दाखवावा आणि चुकीचा असल्यास खोडू द्यावा, अशी मागणी आपल्यासारख्या ज्येष्ठ वाचकांनी आग्रहाने करावी असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. या विषयात गोव्याला उपयोगी पडेल असा प्रकल्प सुचवाल का?
— एक विद्यार्थिनी, फर्मागुडी

उत्तर : खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतजमिनीच्या, मानशीकडे (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराकडे) जावे. खाडीच्या बांधात बसविलेले मानशीचे लाकडी दार भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. परिस्थिती ओळखून चाल बदलणारी ही यंत्रणा आपल्या पूर्वजांनी संगणकाच्या कितीतरी आधी उभारली. दार कुजले, फटीतून खारे पाणी आत शिरू लागले, तर शेत नासते, आणि ते कळेपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो.

आतल्या बाजूला पाण्याची पातळी आणि क्षारता मोजणारे छोटे यंत्र बसविता येईल. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे परवान्याविना वापरता येतो, आणि त्यावर लोरा नावाच्या बिनतारी पद्धतीने अगदी थोड्या विजेत काही किलोमीटर संदेश जातो. यंत्राने सदासर्वदा मोजीत बसू नये. भरती वळण्याच्या सुमारास दर मिनिटाला, एरवी अर्ध्या तासाने मोजले तर बॅटरी कितीतरी पटींनी अधिक टिकेल. जेथे संदेश पोहोचत नाही तेथे नोंदी यंत्रातच साठवाव्या आणि रोज ये-जा करणाऱ्या फेरीबोटीवरील दुसऱ्या यंत्राने जवळून जाताना त्या उचलून न्याव्या. विलंब सोसणारी जाळी याच तत्त्वावर चालतात. मात्र यंत्र विकत घेण्याआधी मानस सांभाळणाऱ्या माणसाबरोबर एका पौर्णिमेच्या आणि एका अष्टमीच्या भरतीला बांधावर उभे राहावे, दार किती वाजता हलले हे वहीत लिहावे, आणि दार बिघडले आहे हे त्याला सर्वांत आधी कशावरून कळते, ते विचारावे.